शीट नंबर चौदा

स्क्रीनवरचा डोंगर आडवा झाला तेव्हा खवणेकरांनी आधी कॉम्प्युटरला शिव्या घातल्या. मग चष्मा बदलून मागितला. मग सिस्टीमच्या माणसाला बोलावून केबल बदलून घेतली आणि वर त्याच्या कामावर दोन शेरे मारले. केबल नवी, चष्मा नवा, तरी डोंगर काही उभा राहीना. शेवटी आपल्याकडे कुणाचं लक्ष नाही असं बघून त्यांनी उजवा डोळा तळहाताने झाकला. स्क्रीन असायला हवा होता तिथे करड्या रंगाचा एक गोळा होता, आणि कडेने थोडा उजेड.

विनीत खवणेकर परळच्या एका बंद पडलेल्या गिरणीच्या आवारात काम करत. गिरणी गेली, चिमणी तेवढी शोभेला ठेवली, आणि जिथे मागाचं खातं होतं तिथे काचेची इमारत उभी राहिली. त्यांचे वडील त्याच आवारात मागावर होते आणि मागांच्या खडखडाटात दोन्ही कानांनी बहिरे होऊन घरी बसले. मुलगा त्याच जागी चौथ्या मजल्यावर एसीत बसून दक्षिण अमेरिकेच्या पार शेपटाकडचा किनारा नकाशावर उतरवत होता. तिथे समुद्रातून सरळ डोंगरच वर येतात. डोंगरावर काळं दाट रान, रानाच्या वर बर्फ, बर्फावर ढग. गाव नाही, वाट नाही, होडी लावायला धड जागा नाही. विमानातून काढलेल्या फोटोंवरून तिथल्या चढउताराचा नकाशा करायचं काम फिरत फिरत मुंबईत आलं होतं. बहुतेक शिखरांना नावंच नव्हती, नुसते आकडे होते. आकडे कोण लक्षात ठेवणार? म्हणून ऑफिसातल्या मंडळींनी आपापली नावं ठेवली. एक शिखर सुपारी, एक वाकडा गणपत, आणि जे फोटोमागून फोटो ढगात तोंड लपवून बसलं होतं, ती सासूबाई.

काम सांगायला सोपं होतं. एकाच डोंगराचे थोड्या अंतराने काढलेले दोन फोटो. खास चष्मा लावला की एक फोटो एका डोळ्याला दिसतो, दुसरा दुसऱ्याला, आणि डोक्यात दोन्ही मिळून स्क्रीनमधून डोंगर खरोखरीचा वर येतो. त्यावर एक उजळ ठिपका असतो. हाताखालचं चाक फिरवून तो ठिपका वरखाली करायचा आणि नेमका जमिनीला टेकवायचा. टेकला की त्याच उंचीवर ठेवून डोंगराभोवती फिरवायचा, आणि मागे रेषा उमटत जाते. त्या रेषेवरची सगळी जागा एका उंचीची. ऑफिसात तिला कंटूर म्हणत. दर वीस मीटरला एक कंटूर, डोंगर संपेपर्यंत. पण याला दोन्ही डोळे लागतात. एका डोळ्याला ठिपका हवेत आहे, जमिनीवर आहे की जमिनीच्या पोटात, हे कळायला काही मार्ग नाही. त्याला तो नेहमी फोटोवर चिकटवल्यासारखाच दिसतो.

डोळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी साखरेचे जुने रिपोर्ट बघितले, डोळ्यात बराच वेळ उजेड मारला आणि विचारलं, "नेमकं कधीपासून दिसेनासं झालं?"

"आठवत नाही."

"अंदाजे? दिवाळीच्या आधी? नंतर?"

खवणेकरांना खरंच सांगता आलं नाही. सत्तावीस वर्षं ज्या माणसाने डोळ्यांवर पोट भरलं, त्याला स्वतःचा डोळा कोणत्या महिन्यात गेला ते ठाऊक नव्हतं. बाई म्हणाल्या, "होतं असं. एक डोळा हळूहळू जातो आणि दुसरा सांभाळून घेतो, म्हणून माणसाला कळतच नाही." हा डोळा परत यायचा नाही, दुसरा जपा, एवढं सांगून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

लालबागच्या घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं. राधाबाई सरळ बाई होत्या. म्हणाल्या, "मग तुमका दिसणा नाय ता ऑफिसात सांगान टाका एकदाचा. ते काय फाशी देतत?"

फाशी दिली नसती. अक्षरांच्या टेबलावर बसवलं असतं. तिथे नकाशावर आकडे, बाण आणि समासातला मजकूर टाकतात. ज्याला ठिपका जमत नाही त्याची ती जागा. ऑफिसातल्या अर्ध्या लोकांना ठिपका कसा टेकवायचा ते खवणेकरांनी शिकवलं होतं, आणि अक्षरांच्या टेबलावरच्यांना ते गेली कित्येक वर्षं 'साइनबोर्ड पेंटर' म्हणत आले होते. आता त्याच टेबलावर जाऊन बसायचं म्हणजे जिवंतपणी नाक कापून घेण्यासारखं होतं. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. दीड वर्ष काढू, असं त्यांनी ठरवलं, आणि ते ठरवताना त्यांना लाज वाटली नाही, हे इथे सांगून टाकलेलं बरं.

तसे काढूही लागले. अनुभव दांडगा होता. सावली कुठे पडते, झाडं कुठे संपतात, ओढ्याशी कंटूर कसा आत वळतो, नकाशाच्या शेजारच्या पानावरून, म्हणजे शीटवरून, रेषा कुठल्या वेगाने येतायत, यावरून ते डोंगर ताडत आणि चाक फिरवत. रेषा सुरेख येत. एकीला एक कुठे घासत नसे, वळणं कशी रांगोळीच्या हाताची. सगळी शीट्स तपासायला अपेक्षाकडे जात.

अपेक्षा पेडणेकर गिरगावातली, सव्वीस वर्षांची, कमी बोलणारी. चार वर्षांपूर्वी कामाला लागली तेव्हा तिला ठिपका काही केल्या दिसत नव्हता. स्टॅनली कोलासो, तिथला मॅनेजर, खोताच्या वाडीतला, स्वभावाने वाईट नाही पण सदा घड्याळावर नजर. तो तिला आठवड्याभरात काढून टाकायला निघाला होता. खवणेकरांनी तिच्यासाठी शब्द टाकला. तीन आठवडे रोज तिच्या खुर्चीमागे उभे राहिले. "घाई नको. डोळे ताणू नको. डोंगर कुठे पळत नाही," एवढंच म्हणत राहिले. बाविसाव्या दिवशी ती किंचाळली, "सर, टेकला!" आणि आख्खं ऑफिस हसलं. तेव्हापासून तिच्याइतका पक्का हात दुसरा नव्हता.

डिसेंबरात एकदा ती त्यांच्या टेबलाशी आली. थोडी घुटमळली. म्हणाली, "सर, तुमच्या रेषा हल्ली फार सुंदर येतायत."

"मग? वाईट आहे का?"

"नाही, म्हणजे... जमीन एवढी सुंदर नसते ना सर."

खवणेकर घाबरले. आणि घाबरला की माणूस आवाज चढवतो. "आता तू मला शिकव जमीन कशी असते ते! चूक सापडली तर दाखव. नाहीतर आपल्या जागेवर बस." चारचौघांनी माना वर केल्या. अपेक्षा "सॉरी सर" म्हणाली आणि गेली. चूक तिने दाखवली नाही. पुन्हा कधीच काही दाखवलं नाही.

खवणेकर आठवडाभर धास्तावलेले होते. शीट आता परत येईल, मग येईल. एकही आलं नाही. महिना गेला, दोन गेले, त्यांची शीट्स सरळ पास होऊन परदेशात रवाना होत राहिली. क्लायंटकडून कौतुकाची ईमेल आली ती स्टॅनलीने सगळ्यांना वाचून दाखवली. मग भीतीची जागा हळूहळू फुशारकीने घेतली. चहाच्या वेळी ते म्हणायला लागले, "डोळे काय सगळ्यांनाच असतात. नकाशा डोक्याने काढायचा असतो." त्यांना ते पटलंही होतं. आपला हातच इतका तयार आहे की डोळ्याची गरज उरली नाही, असं मानून हा माणूस दुपारच्या डब्यानंतर शांतपणे बडीशेप चघळत बसे.

मार्चमध्ये स्टॅनलीने त्यांना केबिनमध्ये बोलावलं. "विनीत, त्या अपेक्षाचं काय करायचं? आउटपुट बघ तिचं. दुसऱ्या चेकरचे दिवसाला तीन होतात, हिचं एक होत नाही. लंचला पण बसून असते, तरी मागे. मी विचारलं तर नुसती गप्प. तू तिला ट्रेन केलंस, तूच लिही काय ते."

फॉर्म एका पानाचा होता. खवणेकरांना डिसेंबरातली ती दोन वाक्यं आठवली. राग म्हणावा तर राग नव्हता, पण ती ऑफिसात आहे तोवर एक डोळा आपल्यावर आहे, असं त्यांना वाटत आलं होतं. त्यांनी लिहिलं: कामाचा वेग फार कमी. एकाग्रतेचा अभाव. या कामासाठी योग्य वाटत नाही. खाली सही केली. तारीख टाकली.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तिला जायला सांगितलं. तिने आपला मग, स्वेटर आणि एक छोटी कुंडी पिशवीत भरली. जाताना सगळ्यांच्या टेबलाशी थांबून बोलली. खवणेकरांच्या टेबलावरून मात्र ती तशीच पुढे गेली. आगाऊ पोरगी, असं ते मनात म्हणाले.

सोळा दिवसांनी शीट परत आलं. एक नाही, तीन. तिन्ही खवणेकरांची.

क्लायंटची काही माणसं होडीने त्या किनाऱ्यावर उतरली होती. दोन खाड्यांच्या मधली खिंड नकाशात उतरत्या पडवीसारखी सोपी दिसत होती. होडी उचलून पलीकडे नेऊ म्हणून ते निघाले, तर पुढे सरळ तुटलेला कडा. नशीब, दिवसाउजेडी होते. माणसं सुखरूप परतली. पण ईमेलची भाषा कडक होती. स्टॅनली प्रिंट घेऊन आला आणि त्यांच्या टेबलावर पसरत म्हणाला, "काय आहे हे विनीत? आजपर्यंत तुझी एक चूक नाही. आत्ताच काय झालं?"

आत्ताच काय झालं? तेच खवणेकरही विचारत होते. हात तोच, डोकं तेच. बदललं होतं ते एवढंच की तपासणीला दुसरी व्यक्ती होती. हा विचार डोक्यात आला आणि त्यांनी प्रिंट बाजूला सारून खुर्ची कॉम्प्युटरकडे वळवली.

प्रत्येक रेषेला शेवटचा हात कुणाचा लागला याची नोंद कॉम्प्युटर ठेवतो. ती बघायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. स्वतःच्या शीटवर स्वतःशिवाय कोण असणार? त्यांनी जानेवारीचं एक शीट उघडलं आणि रेषा माणसांप्रमाणे रंगवायला सांगितल्या. खवणेकर निळे, अपेक्षा लाल. शीट लालभडक झालं. बर्फावरच्या दोन-चार रेषा निळ्या, बाकी रानातला कंटूर न् कंटूर लाल. वेळ एक वाजून दहा, एक वाजून चाळीस, दीड. डब्याची सुट्टी. त्यांनी फेब्रुवारीचं उघडलं, मार्चचं उघडलं. ते सुंदर काढत होते आणि ती पोरगी जेवणाच्या वेळात ते सगळं पुसून, पहिल्यापासून, खरं काढत होती. नऊ शीट्स बघून त्यांनी ते बंद केलं. पुढे बघवेना.

त्याच दिवशी त्यांनी स्टॅनलीला सगळं सांगितलं. डोळा, राधाबाई, अपेक्षा, तो फॉर्म. स्टॅनलीने उठून केबिनचं दार लावून घेतलं.

"किती शीट्स?"

"ही तीन सोडून एक्केचाळीस आहेत माझी. किती बिघडलेली ते माहीत नाही."

"माय गॉड." स्टॅनलीने कपाळ चोळलं. "हे बघ. हे तू मला सांगितलंच नाहीस. क्लायंटला कळलं की सहा महिने एका डोळ्याच्या माणसाने काम केलं, तर उद्या चाळीस लोक घरी बसतील. ती तीन शीट्स दुसऱ्याकडून करून घेतो. तू उद्यापासून अक्षरांवर."

"आणि अपेक्षा? तिला परत बोलाव, स्टॅनली. पाया पडतो."

"कशावर बोलावू? कारण काय लिहू? तूच लिहिलंय ना, योग्य नाही म्हणून. आता योग्य कशी झाली?" मग जरा नरमला. "सोड रे. कोण जातंय तिथे परत?"

सत्तावीस वर्षं ज्या ठिकाणी कुणी जात नाही तिथली जमीन नीट टेकवून काढायची, हाच खवणेकरांचा धर्म होता. त्यांनी मान खाली घातली आणि बाहेर आले. त्यांचं खरं बोलणं कुणाच्याच उपयोगी पडलं नव्हतं, आणि ज्या मुलीचं वाटोळं झालं तिच्या तर नाहीच नाही.

अक्षरांच्या टेबलावर कुणी त्यांना काही बोललं नाही. खुर्ची सरकवून जागा करून दिली, आणि ते त्यांना जास्त लागलं. शेवटच्या छपाईआधी प्रत्येक शीटच्या समासात, खाली उजव्या कोपऱ्यात, काम कुणी केलं त्याची आद्याक्षरं टाकायची असतात. आता ते खवणेकरांचंच काम. पहिलं शीट समोर आलं. वि. ख. त्यांनी ती दोन अक्षरं पुसली आणि अ. पे. टाकलं. दुसऱ्यावरही टाकलं. मग प्रश्न पडला, बदलायचं कुठपासून? सुरुवातीची शीट्स त्यांनी दोन डोळ्यांनी काढली होती, तेवढी तर त्यांचीच. पण किती? डॉक्टरीणबाईंनी विचारलेलाच प्रश्न पुन्हा पुढ्यात होता, आणि नोंद उघडून बघायचा धीर उरला नव्हता. त्यांनी एक्केचाळीसच्या एक्केचाळीस शीट्सवर अ. पे. घातलं. स्टॅनलीने सही करताना बघितलं, आणि न बघितल्यासारखं केलं.

छापून झाल्यावर प्रूफाच्या प्रती फाडून टाकतात. खवणेकरांनी आपल्या एक्केचाळीस प्रतींची गुंडाळी केली आणि रविवारी सकाळी बसने गिरगावात गेले. अपेक्षाची चाळ दोन गल्ल्या आत, दुसऱ्या मजल्यावर. दार तिनेच उघडलं. त्यांना बघून तिचा चेहरा मिटला, पण "या" म्हणाली. पाणी आणून दिलं. आता एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काउंटरला बसते, हे विचारल्यावर सांगितलं. रक्ताच्या बाटल्यांना लेबलं लावते.

"मला कळलं सगळं," खवणेकर म्हणाले. "नोंद बघितली."

"बरं."

"तुला केव्हा कळलं होतं?"

"तुम्ही चष्म्याची डावी काच पुसायचं बंद केलंत तेव्हाच. फक्त उजवी पुसायचात. मग रेषा बघितल्या."

"अगं, मग सांगायचं नाही का? मला नाही तर स्टॅनलीला."

"तुम्हाला सांगायला आले होते, डिसेंबरात." तिने सरळ त्यांच्याकडे बघितलं. "आणि स्टॅनली सरांना पण सांगणार होते. मला जायला सांगितलं त्या दिवशी त्यांनी तुम्ही लिहिलेला फॉर्म दाखवला ना. तुमची सही होती खाली. मी जागेवर येऊन नोंद उघडली, सगळं लाल लाल करून ठेवलं, आता बोलावते त्यांना म्हटलं. खूप राग आला होता सर. अजून आहे."

"मग बोलावलं का नाहीस?"

"तीन आठवडे उभे होतात माझ्यामागे," ती म्हणाली. "फिटले आता ते. बास."

खवणेकरांना तिथून उठून जावंसं वाटलं. पण गुंडाळी हातात होती. त्यांनी ती जमिनीवर उलगडली आणि म्हणाले, "हे सगळं तुझं आहे. नाव घातलंय तुझं. नोकरी नाही देऊ शकलो. एवढंच हातात होतं. चुकलं माझं, अपेक्षा."

ती गुडघ्यांवर बसली. कोपऱ्यातली अक्षरं तिने बघितली. एकेक शीट उलटत गेली. एक, दोन, पाच. उलटता उलटता तिच्या कपाळाला आठ्या पडत गेल्या.

"हे काय? ह्याच्यावर पण माझं? आणि ह्याच्यावर?"

"सगळ्यांवर."

"ही माझी नाहीत सर. ही तुमची आहेत, ह्यांना मी हात पण नाही लावलेला. असं दुसऱ्याचं काम मला नको." आवाज चढला होता. ती भराभरा उलटत चौदाव्या शीटवर थांबली. मधोमध सासूबाई होती, आणि तिच्या पायथ्याशी समुद्रात उतरणारा एक बारीक ओढा. अपेक्षाने बोट उत्तरेच्या टोकाला ठेवलं आणि सावकाश खाली सरकवत आणलं. कडा, रान, पुन्हा कडा. ओढ्यापाशी बोट थांबलं.

"इथपर्यंत," ती म्हणाली. "ह्या ओढ्यापर्यंत तुमचं आहे. मी दोनदा तपासलं होतं. ठिपका सगळीकडे टेकत होता, एक मीटरचा फरक नाही. पुढचं माझं."

"ही सासूबाई?"

"आख्खी तुमची."

खवणेकरांनी विचारलं, "कुठला दिवस होता? सांगता येईल तुला?"

"नारळी पौर्णिमा. तुम्ही सगळ्यांना नारळीभात आणला होतात घरून. सासूबाई एकदाची नकाशावर उतरली म्हणून. ओढ्याच्या अलीकडचं त्या दिवसाचं, पलीकडचं दुसऱ्या दिवशीचं. मला आठवतंय, कारण मी भात खात खात तपासलं होतं."

म्हणजे ऑगस्ट. डॉक्टरीणबाईंना सांगायला हवं होतं ते हे. खवणेकरांना तो डबा आठवला. राधाबाईंनी पहाटे उठून केलेला भात, सगळ्यांनी बोटं चाटून खाल्लेला. मोकळा डबा घेऊन घरी जाताना त्यांचा चाळीच्या जिन्यात शेवटच्या पायरीवर पाय चुकला होता, आणि त्यांनी पायरीला शिवी दिली होती.

ते खाली वाकले. आयुष्यात नीट बघितलेला शेवटचा डोंगर समोर होता. नाक कागदाला लागेल इतके जवळ गेले. ओढ्याच्या अलीकडे तपकिरी रेषा होत्या, ओढ्याच्या पलीकडेही तशाच तपकिरी रेषा होत्या. कुठल्या आपल्या आणि कुठल्या तिच्या, हे त्यांना काही केल्या दिसेना.

"बोट ठेव," ते म्हणाले. "जरा तसंच ठेव."

अपेक्षाने बोट ठेवलं.